समुद्र निळा रंगवा

गेली तीन वर्षं दर रविवारी
आमचा अ‍ॅम्ब्रोज चर्चच्या तळघरातून
तेच चित्र घेऊन वर येतो:
योना, आणि हसरा देवमासा.
पहिल्या वर्षी मासा जांभळा होता,
दुसऱ्या वर्षी रेषेबाहेर न गेलेला,
यंदा कडेला कापूस चिकटवलाय. फेस म्हणून.

ग्रॅपलिन कोव्हमध्ये
देवमासा हसत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
मागच्या मार्चमध्ये एक किनाऱ्याला लागला,
आठवडाभर खिडक्या बंद ठेवल्या तरी
पावाला त्याचा वास येत होता.

मी काही फार भाविक बाई नाही.
कारखान्यात रात्रभर खेकड्यांचे पाय मोडते,
प्रवचनात डुलकी लागते तेव्हा
मागच्या बाकावरची ब्राइड माझ्यासाठी मुद्दाम खोकते.
पण द्यायचं ते धड द्यावं.
फाटकं जाळं उसनंसुद्धा देऊ नये,
वडील म्हणायचे. न्यूफाउंडलंडच्या या खडकावर
दुसरं काही शिकवलं नाही त्यांनी.

तर, ईस्टरनंतरच्या रविवारी अ‍ॅम्ब्रोजने विचारलं:
येशूनं वादळाला गप्प केलं,
मग लिअँडर मामाच्या वेळी का नाही?
डल्सीबाईंनी त्याच्या हातात खडू दिला.
समुद्र निळा रंगव, बाळा.

घरी येऊन तो म्हणाला,
आपला समुद्र कुठे निळा असतो?

गुरुवारी आम्ही सात आईबाप तळघरात जमलो.
चार बंदरांची चार चर्चं सांभाळणाऱ्या पाळकबाई
चिखलाच्या बुटांनीच आल्या.
चहाच्या किटलीला उकळी येईपर्यंत
आमची तोंडं सुटली होती.
हार्वे म्हणाला, माझ्या पोरीला दहा आज्ञांतल्या चारच येतात,
त्यातली एक ती स्वतःच बनवते.
कोणी म्हणालं, गणितात असं चाललं असतं का?
मीही बोलले. जरा जास्तच.

डल्सीबाई कोपऱ्यात लोकर गुंडाळत होत्या.
अठ्ठ्याहत्तर वय, डावा कान गेलेला;
आम्हाला वाटलं ऐकू येत नसेल.

गुंडा खाली न ठेवता त्या म्हणाल्या,
माझा नवरा पण त्याच पाण्यात आहे.
उत्तर असतं माझ्याकडे,
तर आधी मलाच नसतं का दिलं?
आणि मग, हिशोब सांगावा तशा:
निळा खडू सगळ्यात आधी संपतो.
वर्षाला चार डबे लागतात. मी आणते.

किटली उकळून उकळून गप्प झाली.

पाळकबाईंनी विचारलं, पुढच्या रविवारपासून वर्ग कोण घेईल?
एकेकाने मूग गिळले.
हार्वेला अचानक त्याच्या बुटाची नाडी दिसली.
मी डोळ्यावरची बट मागे सारायला हात वर केला,
आणि पाळकबाईंनी वहीत माझं नाव लिहिलं.

आज शनिवार. रात्रपाळी बदलून घेतली.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर शुभवर्तमान उघडलंय,
पानावर लोण्याचा डाग पडलाय, माझ्याच हातून.
इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, पण हे कधी दिसलंच नव्हतं:
वादळात तो झोपला होता
नावेच्या मागच्या बाजूला,
उशीवर.

अ‍ॅम्ब्रोज खांद्यावरून वाकून वाचतो.
उशी कोणाची होती?
माहीत नाही.
झोपेत त्याला त्यांच्या हाका ऐकू येत होत्या?
माहीत नाही, रे.
मामाच्या बोटीत उशी नव्हती, तो म्हणतो,
जुनी लाइफ जॅकेटं होती, त्यावर डोकं ठेवायचा.
मी त्याला गप्प करत नाही.
मला हे माहीत नव्हतं.

बराच वेळ आम्ही दोघं
त्या एका ओळीपाशी बसून राहतो.
बाहेर धक्क्यावर कोणाची तरी बोट आदळते आहे,
दोर सैल राहिला असावा.

उद्या आठ मुलं येतील.
खडूंचा डबा उपडा करून करडा रंग शोधला.
नाही.
पेन्सिलीवर भागवू. आणि डल्सीबाईंना फोन केलाय,
या म्हणावं,
उजव्या कानाच्या बाजूला खुर्ची ठेवते.