एकशे एकविसावा कागद

आमच्या घरच्या बायबलात
जुना करार संपून नवा सुरू होतो तिथे
एका पानाची नुसती कड उरली आहे,
कात्रीची, सरळ.
वर्ना आत्या सांगायची, केझायानं रागाच्या भरात फाडलं.
रागात कुणी इतकं सुतात कापत नाही
हे मला चाळिशी उलटल्यावर सुचलं.

माहीत होतं ते एवढंच:
ओबेड हार्टसेल. आयोवा. हिकरी ओढ्याकाठी ऐंशी एकर,
अर्ध्याहून अधिक गवताच्या मुळ्यांनी आवळलेली.
बासष्टच्या ऑगस्टात ओट कापले
आणि गंजी न रचताच तो पलटणीत गेला.
पासष्टमध्ये परतला, शेवटचे बावीस मैल चालत.
फोटो एकच. त्यात डावा हात
टोपीखाली ठेवलेला.

आता वॉशिंग्टनहून फाईल आली आहे.
अर्ज, नामंजूर, फेरअर्ज, पुन्हा नामंजूर.
सरकारी डॉक्टरनं खांदा तपासून लिहिलंय:
शेतकामास तीन-अष्टमांश निकामी.
उरलेल्या पाच-अष्टमांशावर
त्यानं बत्तीस वर्षं नांगर धरला.

शेजारी एनॉस ट्रिपलेट, शपथेवर सांगतो की:
मी ह्याला पोरवयापासून ओळखतो.
लढाईआधी ह्याचं तास दोरी धरल्यासारखं पडायचं.
आता नांगर उजवीकडे ओढतो.
तो मागे वळून बघत नाही, मीही बोलत नाही.
पावसाच्या आदल्या रात्री ह्याच्या कोठारात कंदील फिरतो.
विचारलं तर म्हणतो, घोडीला बघत होतो.
त्या साली ह्याच्याकडे घोडी नव्हती.

खाली सही नाही. फुली.

मग अर्जदार बदलते.
केझाया हार्टसेल, विधवा, वय एकोणसाठ.
लग्नाचा पुरावा सादर करावा.
चर्च जळालेलं, पाद्री वारलेला,
साक्षीदारांपैकी एक ओरेगॉनला, एक मातीत.
कारकून अदबीनं कळवतो, पुरावा अपुरा आहे.
ती लिहिते, अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं:
सोबत आमच्या बायबलाचं पान जोडलं आहे.
काम झालं की परत पाठवावं.

काम झालं. महिना आठ डॉलर.
पान तिथंच राहिलं.

कागद क्रमांक एकशे एकवीस.
लग्नाची तारीख. मुलं: लेम्युएल, ज्याच्यापासून मी,
मग एस्थर, मग जुळे, मग आणखी तीन,
आत्या बोटांवर मोजायची तीच सात.
आणि त्यांच्याही वर, फिक्या शाईत,
ऑर्फा.
जन्म फेब्रुवारी १८६३. मृत्यू ऑगस्ट १८६४.

मी पलटणीचा हजेरीपट पुन्हा काढला.
दर दोन महिन्यांनी एक नोंद,
त्या अख्ख्या दीड वर्षात सगळीकडे एकच शब्द:
हजर.
हजर, हजर, हजर.
म्हणजे घरी एकदाही नाही.

बाकीच्या मुलांपुढे नुसत्या तारखा आहेत.
ऑर्फाच्या पुढे मात्र केझायानं लिहिलंय:
केस तांबूस. दाराच्या खालच्या कडीपर्यंत हात पोचे.
दूध नको म्हणे. कुत्र्याला ओबेड म्हणून हाक मारी.
जागा संपली म्हणून शेवटचे शब्द
कडेनं वर चढत गेलेत,
आणि त्यांच्यावर कचेरीचा जांभळा शिक्का बसला आहे:
पाहिले.

उत्तरेच्या शेतात आमचं कुंपण मधेच उजवीकडे कलतं.
आजोबा म्हणायचे, ओढ्याचा दोष.
पण ओढा तिथून पाऊण मैल लांब आहे.
चुलतभाऊ डेलमर या वसंतात ते सरळ करणार होता,
मोजणीवाल्याला आगाऊ पैसेही दिले होते.
मी फोन केला. म्हटलं, या वर्षी नको.
तो म्हणाला, मग मका काय वाकडाच पेरू?
पेर, म्हटलं.