शेऱ्याचा रकाना

छत्तीस वर्षं नाशिकरोडला, नोट प्रेसमध्ये तपासनीस.
अंगठ्याखालून इतके कागद गेले
की उजव्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत;
रेशनच्या मशीनला आता मी कोण ते कळत नाही.

निवृत्तीनंतर कुणीतरी नाव सुचवलं,
म्हणून देवळाली कॅम्पातल्या जुन्या मोटारींच्या मेळ्यात
दर जानेवारीत माझ्याकडे टायर असतात.
इंजिन नाही, रंग नाही.
टायर. वीसपैकी गुण.
थंडी अशी की बॅटरी धरलेला हात
सारखा खिशात परत जायला बघतो.
गुडघ्याखाली कालचा पेपर अंथरून
मी पहिल्या चाकापुढे बसतो.

पिंपळगावच्या विश्राम मोगलांची डुक्कर फियाट.
द्राक्षं रशियाला गेली त्या वर्षी घेतली, म्हणतात.
टायर काळेभोर, पांढरी पट्टी सायीसारखी,
कडेवर कंपनीचं जुनं नाव, जुन्याच वळणाचं.
साचा जुना, रबर गेल्या दिवाळीचं.
साच्यातून निघतानाचे केस अजून अंगावर,
बारशातल्या बाळाच्या कानांवर असतात तसे.
"ओळखू येतं का हो?"
मी नख लावतो. वास घेतो.
नव्या वहाणेचा वास, तो लपत नाही.
आणि अक्षरांच्या पोटाशी एक बारीक आकडा,
जो त्या काळी कुणी टाकत नव्हतं.
अठरा, मी लिहितो.
मोगल गेलेल्या दोन गुणांकडे बघतात
बेदाण्यात खडा लागल्यासारखे.

प्रेसमध्ये उलटं होतं.
हजार नोटा एकीसारखी एक, म्हणून खऱ्या.
शाई केसभर सरकली की बाद,
भोक पाडून भट्टीत.
इथे मी भेग शोधतो.
भेग सापडली की जीव भांड्यात पडतो.
निवृत्तीनंतर एवढंच नवं शिकलो,
आणि मोबाईलवर वीजबिल भरायला.

शेवटची गाडी तेहमी बिलिमोरियांची, हिलमन,
लॅम रोडवरून चौघांनी ढकलत आणलेली.
त्या डिकी उघडतात. स्टेपनी.
गाडीबरोबर आलेली, एकदाही न लागलेली,
ठोकली तर दार वाजल्यासारखी वाजते.
कारखान्याचा पिवळा ठिपकासुद्धा जागेवर.
"पप्पा बोलायचे, एला हात नाय लावायचा."
वीसपैकी वीस. नियमाने.
या टायरवर मी कॅम्पाच्या नाक्यापर्यंतही जाणार नाही.

मग खालची चार.
द्वारका सर्कलला कधीकाळी रिमोल्ड केलेली,
आतलं सुताचं अंग मूळचं,
वरचं रबर तीनदा बदललेलं,
नक्षी कुणीतरी तापल्या सुरीने हाताने कोरलेली.
एका चाकाची दुसऱ्याशी जुळत नाही.
डाव्या मागच्याला सुरी घसरली आहे,
आणि कोरणाऱ्याने ती घसरण
पुढच्या खोबणीत गुंडाळून घेतली आहे,
जणू तसंच ठरलं होतं.
"यावरून सापुतारा गेलो," तेहमीबाई सांगतात,
"यावरून मम्मीला दवाखान्यात नेली.
मग दस्तुरजींना आणायला, ते पण यावरूनच."

फॉर्मवर चौकोन दोनच.
मूळ. प्रतिकृती.

मी बॅटरी विझवतो,
अंगठा त्या घसरलेल्या खाचेत ठेवतो.
पलीकडून रंगाचे परीक्षक दाणी ओरडतात,
आटपा, रस्सा निवतोय.
अंगठा तिथेच.
खाच उजवीकडे उथळ होत जाते,
डावीकडे खोल.

शेऱ्याच्या रकान्यात लिहितो:
'कोरणारा डावखुरा होता.'
गुणांची जागा अजून कोरी.
तेहमीबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघतायत,
चष्मा घरी विसरलाय त्यांचा,
"किती दिले?" विचारतायत,
"काय लिहिला, मोठ्याने वाच नी."