दोन बोटं खाली

मंगळवारी, दुकान उघडायच्या आधी
मी कॉफीच्या फळीवरची पट्टी बदलते.
किंमत तीच. तोच लाल कागद, तीच उंची,
फक्त पुड्याच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत
पाचशेचे साडेचारशे झालेले.
पुड्यानं पोट आत घेतलंय थोडं,
फोटो काढताना माणसं घेतात तसं.
किलोचा भाव वाढलाय, तोही छापलाय पट्टीवर;
वाचायला वाकावं लागतं.

बाहेर उणे एकवीस.
तळ्याच्या रस्त्यावर बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा
पिवळा दिवा फिरतोय.

नऊला आउने कार्पिनेन येते,
घसरगाडी दाराशी उभी करून.
एक काळा पाव, एक पुडा कॉफी.
"हा मी परवाच नेला होता ना?"
नाही, म्हणते मी, मागच्या मंगळवारी.
"मग संपला कसा?"

वसंतापर्यंत हेच.
ओउलूहून तिच्या लेकीचा, सिर्काचा, मला फोन:
आई विसरायला लागलीय,
मोजून घालत नाही,
जरा लक्ष ठेवाल का?
आरोग्यकेंद्रातल्या नर्सनं तिला घड्याळ काढायला लावलं,
अकरा वाजून दहा मिनिटांचं.
आकडे सगळे जागच्या जागी.
मिनिटकाटा तेवढा जरा आखूड आला,
आणि नर्सनं काहीतरी लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ करडा पडला तेव्हा,
ती डबाच घेऊन आली.
निळा, पत्र्याचा, कडी उर्होनं डाख देऊन बसवलेली.
चाळीस वर्षं एक पुडा ओतला
की कॉफी काठाला लागायची,
सुरीच्या पात्यानं सपाट करायची ती.
"ओत," म्हणाली. "माझा हात नको त्यात."
मी बटाट्यांच्या काट्यावर डबा ठेवला, आकडा शून्यावर आणला,
पुडा फोडला.
मागे रांगेत बर्फगाडीचा ड्रायव्हर, पावाची पिशवी छातीशी धरून.
कॉफी काठाच्या दोन बोटं खाली थांबली.
काट्यावर चारशे पन्नास.

कुणी काही बोललं नाही.
पूर्वी वाणी काटा मारायचा, तेव्हा त्याचा अंगठा दिसायचा.
इथे काटा खरा, पुडा खरा,
छापलेला आकडा ग्रॅमभरही खोटा नाही.
मापात पाप म्हणावं तर
पाप करणारा कुठे उभा आहे?
पट्टी मात्र मी लावली होती.

"पन्नास," आउने म्हणाली. "म्हणजे सात कप."
मग माझ्याच फोनवरून सिर्काला फोन लावला,
हॅलोसुद्धा नाही, नुसतं,
"साडेचारशे. दुकानाच्या काट्यावर."
आणि ठेवून दिला.
ड्रायव्हर हसला. मीही.
ती जिंकली होती ना.

पैसे देताना ती खाली बघून बोलली,
नाणी मोजता मोजता:
"मला वाटायचं, मी सवयीनं त्याचाही कप भरते.
भरते, आणि मग विसरून ओतून देते मोरीत.
चिडले नव्हते मी त्यावर.
सकाळी दोन कप दिसले नाहीत
तरी म्हणायचे, असेल धुतला."

डब्याचं झाकण लागेना,
हातमोजे घालूनच दाबत होती.
मी लावून दिलं.
घसरगाडी खडीवर खरखरत गेली,
रस्त्यावरचा बर्फ आता पुरत नाही.

दुपारी बिस्किटांचे खोके आले.
नवं वेष्टन, वर हसरं अस्वल,
हलवलं की आत थोडं वाजतं.
पूर्वी वाजत नसे.
मोजायची नाहीत, असं ठरवून
मी मागच्या खोलीत एक पुडा फोडला
आणि मोजली.