ओठ मिटतात ती अक्षरं

एर्सीलिया तोमासेत्ती परक्यांच्या तोंडात शब्द घालायची.
हाच तिचा धंदा. रोममधल्या एका तळघरात,
अंड्यांच्या ट्रेसारख्या खडबडीत भिंतींच्या आत
पडद्यावरचं स्वीडिश तोंड मागं-पुढं फिरवत
ती पेन्सिलीनं खुणा करायची :
इथं ओठ मिटले. इथं उघडे. इथं नुसता श्वास.

मिटल्या ओठांना प हवा, ब हवा, नाहीतर म.
बाकी कुठंही चोरी खपते,
ओठांची खपत नाही.
कान भोळा असतो, ती म्हणायची,
डोळा उधारी ठेवत नाही.

एकदाच चुकली.
पंचाहत्तर सालचा हिवाळा, दुसरी पाळी, अंगात ताप.
पडद्यावरची विधवा क नं सुरू होणारं काहीतरी बोलत होती,
ओठ विलग, जीभ मागं, घशाशी.
एर्सीलियानं तिला दिलं : पाचे.
म्हणजे शांती.
थिएटरात, लाकडी खुर्चीवर
नझ्झारेनोनं, ट्रामचे ब्रेक दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्यानं
ऐकलं : ताचे.
म्हणजे गप्प आहे तो.

जेवण गार झालं या एका शब्दावरून.
– मी पाचे लिहिलं.
– मी ताचे ऐकलं.
– फीत लावून दाखवते.
– दाखव.
दाखवली. ताचे.
ती स्वतःच ऐकत होती ताचे,
आणि मांडीवरच्या कागदावर, तिच्याच हस्ताक्षरात, पाचे.
मशीनवाला पोरगा म्हणाला, बाई, डोळे मिटा बघू.
मिटले. पाचे.
उघडले. ताचे.
मिटले.

(मी जिथं अक्षरं शिकलो
तिथं ती तोंडातल्या जागेवरून मांडलेली असतात,
घशाकडून ओठांकडे, एकेक मुक्काम करत.
क कंठात. प ओठांवर.
आणि वाटेत, दातांशी, त.
कानानं आणला होता प,
डोळ्यानं आणला होता क.
कवटीतल्या काळोखात, जिथं ना आवाज पोचतो ना उजेड,
कुणीतरी दोघांना म्हणालं, भांडू नका,
उतरा मधल्या मुक्कामावर.
आणि धनिणीला पत्ताही लागू दिला नाही
की तिच्या घरात तडजोड झाली.)

आता नझ्झारेनो एक्क्याऐंशीचा.
कान ट्रामच्या चाकांनी खाल्ले.
कानातलं यंत्र खिशात पडून असतं,
शोधतो मात्र चष्मा :
– कुठं ठेवलास? मला ऐकू येत नाहीये.
पाहुणे हसतात. एर्सीलिया हसत नाही.
बटाटे सोलता सोलता पाठमोरं बोलणं तिनं सोडलंय.
चुकून एखादं वाक्य नळाकडे तोंड करून सुरू झालं
तर नळ बंद करते, वळते,
पुन्हा पहिल्या शब्दापासून.
आणि लिपस्टिक, घरातसुद्धा, गडद लाल.
शेजारीण म्हणाली, या वयात?
– ठळक टाईप आहे तो, बाई.

ऑगस्टमधे एका रात्री वीज गेली.
ती काही बोलली.
त्याला नुसती गुणगुण आली, भिंतीपलीकडच्या रेडिओसारखी,
म होता की न, कशाचा कशाला पत्ता नाही.
थांब, म्हणाला. चाचपडत खण उघडला,
ट्रामच्या पोटाखाली न्यायची ती जुनी बॅटरी काढली
आणि पोलिसानं मारावा तसा झोत तिच्या चेहऱ्यावर.
– अरे, डोळे! डोळे!
– डोळे मिट खुशाल. तोंड हलव.
तिला हसूच फुटलं. कवळी पेल्यात,
ते पोकळ तोंड उजेडात उघडतंय, मिटतंय, उघडतंय,
शब्द एकही नाही.
आणि तो मान हलवतोय,
हो, हो, म्हणतोय,
मधेच एक उत्तरही देऊन टाकलं त्यानं,
जरा थांबून, नीट विचार करून,
तिनं कधीच न विचारलेल्या
कुठल्यातरी प्रश्नाचं.