सावड

हेल्दुर, तुझी चार हजार शहाण्णव कामं
गुरुवारी रात्री निघाली इथून.
तार्तूच्या या तळघरात पंख्यांचा आवाज
इतका अंगवळणी पडलाय
की बंद पडला तरच ऐकू येतो.
मी कळ दाबली तेव्हा तू मागे उभा होतास
ओल्या बुटांनिशी,
कोटाला दलदलीचा वास.

कुठे कुठे जातील, विचारलंस.
जिथे यंत्र रिकामं असेल तिथे, म्हटलं.
बर्गन, ल्युब्लियाना, कातानिया,
जिथे छपरावर ज्वालामुखीची राख पडते
आणि कुणीतरी सकाळी ती झाडतं.
तू हसलास. तुझ्या लहानपणी बटाटे काढायला
सगळं गाव यायचं,
आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे,
हिशोब कुणी लिहायचा नाही,
सूप तेवढं दाट हवं.
सावड.
आणि मी सोळा वर्षं याच गोष्टीला
सहा आद्याक्षरांचं नाव घेऊन बसले होते.

आठ मीटर खोल दलदल,
तिचा एकेक थर एकेका गाठोड्यात बांधलेला:
किती पाऊस, किती शेवाळ,
किती वायू सुटला, किती कोंडून राहिला.
प्रत्येक गाठोड्यासोबत एक मुखत्यारपत्र.
हा हेल्दुर पिहलाक यांच्या वतीने आला आहे,
याला आत घ्या.
मुदत बारा तास. उलटले की दार लागतं.
म्हणून तू दिवसातून दोनदा परवलीचा शब्द टाकायचास,
आणि मध्येच फोन: अजून किती?

रविवारी सकाळी साडेनऊला टाकलास.
दुपारी, फळ्यांच्या वाटेवर,
खाली बसलास म्हणे, आणि उठला नाहीस.
आम्हाला सोमवारी कळलं.
रविवारी रात्री साडेनऊपर्यंत तू
कागदोपत्री पाच देशांत काम करत होतास.

मग एकेक दार लागत गेलं.
रांगेत उरली तीनशे सात. स्थिती: थांबवलेली.
कारण: मुदत संपली.
यंत्राला एवढंच माहीत,
आणि तसं पाहिलं तर तेही चूक नाही.

तुझी मुलगी आली, लीविका, एक वही घेऊन.
बँकेचा शब्द होता, गॅसचा होता, ग्रंथालयाचाही.
हा नव्हता.
परवलीचा शब्द कुठेही लिहून ठेवू नये,
हा नियम माझा. भिंतीवर मीच चिकटवलाय.
माझं ऐकणारा एवढ्या वर्षांत
तू एकटाच निघालास.

म्हणून ती तीनशे सात मी माझ्या नावावर पाठवली.
मालक: उर्वे काल्लास्ते.
शेवाळातलं मला काही कळत नाही, तरी.
फाइलींच्या नावात तुझी अक्षरं तशीच ठेवली,
तिथे कुणी तपासत नाही.
बर्गनहून तोर्गैरची एक ओळ आली:
तुझी कामं रांगेत पुढे घेतली आहेत, उत्तर नको.
कातानियाच्या आगातीनाने काहीच लिहिलं नाही.
पण तिच्याकडची ऐंशी यंत्रं त्या रात्री अचानक रिकामी झाली,
आणि ती आपोआप होत नाहीत.

तीनशे सहा परतली.
एक मात्र दर वेळी तसंच माघारी येतं:
फाइल सापडली नाही.
त्या थराची मोजणी तू केलीच नव्हतीस.
शनिवारी तुलाही हीच चूक दिसली असणार;
त्याचसाठी गेला असशील तिकडे.

नळी तुझ्या पिशवीतच सापडली, झाकण घट्ट लावलेलं.
आता ती फ्रीजमध्ये आहे, दुधाशेजारी.
इथे बर्गन कामाचं नाही, कातानियाही.
लीविकाने चिमटा आणलाय, मी दिवा जवळ ओढलाय.
तिला थोडं येतं, तुझ्याकडे बघून बघून.
काळ्या ओल्या लगद्यातून
एकेक बी, एकेक तूस
आम्ही दोघी सावडतो.