सातवी गाठ

पावणेसहाला, ऊन भिंतीवर चढायच्या आत
मी थाळी सोडते पाण्यात.
थाळी म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण,
दोन पाव काळे, दोन पांढरे,
मधोमध भोक, त्यातून दोरी, खाली वजनाला सायकलचा नट.
दोरीला चार-चार बोटांवर गाठी.
झाकण दिसेनासं झालं की दोरी चिमटीत धरायची
आणि मोजायचं.

हुडकेश्वरच्या या प्लॉटवर, सीताफळ आणि कंपाउंडच्या मधे
खड्डा खणला होता तो खतासाठी.
त्यात आता एक कमळ आहे, अजून न फुललेलं,
हिवतापवाल्यांनी फुकट दिलेले गप्पी मासे,
आणि एक बेडूक, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी शहराचं पाणी तपासलं.
सहा काचेची भांडी, सहा पाती फिरणारी,
तुरटीचे सहा हिशोब.
गढूळपणा एकच्या खाली आला की सही.
पाण्यात काही नसणं, हे माझं काम होतं.

"तुरटी फिरवून द्या न बाई,
काहून डोकं खपवून राहिल्या?"
शालिक लांजेवार कंपाउंडवरून म्हणतो.
दोन तासांत काचेसारखं होईल, मला माहीत आहे.
किती ग्रॅम, तेही.
सांगत नाही.

माझी गाळणी म्हणजे रंगाची वीस लिटरची बादली.
वर स्पंज, मग कूलरचा जुना वाळा, विटांचे तुकडे,
तळाशी कन्हानची गिट्टी.
स्पंज नळाखाली धुवायचा नाही,
हौदाच्याच पाण्यात हलका पिळायचा.
त्याच्यावरचा तो बुळबुळीत थर, खरं गाळणारा तोच,
नळातलं क्लोरीन त्याला मारतं.
ते क्लोरीन मीच घालत आले.
आता पिंपात दोन दिवस पाणी उघडं ठेवते,
माझंच काम उडून जावं म्हणून.

पंप मात्र कूलरचा. तिथं घोळ झाला.
नवतपाच्या चौथ्या रात्री बैठकीतला कूलर कोरडा पडला,
पंप जळालेला, दुकानं बंद,
नातवाच्या पाठीवर घामोळ्या.
मुलगा पुण्याहून आलेला. म्हणाला,
"आई, मागे एक चालू आहे ना?"
दिला.
वायर सोडवताना हात ओले होते.
नोकरीत कुणी असं केलं असतं तर मेमो दिला असता.

बादलीतून पडणारं पाणी थांबलं
तेव्हा कळलं, मी त्या आवाजावर झोपत होते.
तीनला उठले. टॉर्च मारला.
गप्पी सगळे वर, पाण्याच्या सालीला तोंड लावून,
टँकरपाशी माणसं उभी राहतात तसे.
मग स्टूल घेतलं, मग घेतला.
पाणी उचलायचं, उंचावरून सोडायचं.
उचलायचं, सोडायचं.
बाबा चहा निववायचे बशीत, तशी धार.
हजारानंतर मोजणं सोडलं.
खिडकीतून गार वाळ्याचा वास येत होता,
आत सगळे झोपलेले, बरं वाटलं, रागही आला.
साडेचारला प्रांजली उठून आली.
सून काही बोलली नाही, बाथरूममधून दुसरा मग आणला.

पाच गप्पी गेले.
सीताफळाच्या बुडाशी पुरले.
दहाला शालिकनं नवा पंप आणला,
साठ रुपये जास्त सांगितले, दिले.

त्याला आठ दिवस झाले. पाणी हिरवंच आहे.
काल थाळी काढायची राहून गेली, रात्रभर आतच होती.
आज खालून वर ओढत आले, हळूहळू,
सातव्या गाठीशी पांढरं दिसायला लागलं,
आधी भास, मग कडा, मग झाकण.
कॅलेंडरच्या चौकटीत सात लिहिलं.
आधी नऊ होते.

झाकण उपडं केलं तर पांढऱ्या पावावर
जेलीचा एक थेंब, आत बारीक ठिपके.
गोगलगाय रात्री येऊन अंडी घालून गेली.
नखानं निघाला असता.
तसंच परत सोडलं, दोरी कमळाच्या कुंडीला बांधली.

आज मोजायला दुसरं झाकण रंगवायला हवं.
काळा रंग आहे थोडा.
पांढरा शालिककडे मागते,
तो तुरटीचं परत काढेल.