आवाज बंद ठेवून

वडगावात एका पत्र्याखाली चोवीस माग,
त्यातले चार माझे.
माझे म्हणजे मालकाचेच,
पण धागा तुटला की हात माझा जातो.
इथं बोललेलं कुणाला ऐकू येत नाही,
आम्ही ओठ वाचतो.
सरोजा कन्नडमधून शिव्या घालते,
मी मराठीतून हसतो,
आणि तिला कळतंय.

होय, 'हसतो'च. आमच्याकडं बायका असंच बोलतात.
परवा फोनमध्ये बोलून लिहायला गेलो:
आलो, जेवलो, आता येतो.
फोननं मला पुरुष धरलं
आणि दाढीच्या ब्लेडची जाहिरात दाखवली.
राहू दे म्हटलं, तुझं तू.

खांबाला खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीत फोन.
सहा ते दोनच्या पाळीत तीन वर्षं
एकच मालिका बघतोय, आवाज बंद ठेवून.
चालू ठेवून तरी काय,
धोटा ऐकू देतोय होय?
लोक म्हणतात, फोनमुळं कामात लक्ष राहत नाही.
माझं मत उलटं आहे.
एक डोळा कापडावर, एक तिच्या तोंडावर,
आणि तीन वर्षांत माझ्या साडीत खोट निघाली ती एकदाच,
ती बाळंत झाली त्या दिवशी.

एवढी ओठ वाचायची सवय, तरी तिचे ओठ लागेनात.
मागनं कळलं, ती बोलते एका भाषेत
आणि वरून दुसरी चिकटवलेली असते.
मग तिचं बोलणं मीच रचलं.
सासूला ती जे सुनावते
ते माझं माझ्या सासूला सुनवायचं राहून गेलेलं.
आवाज दिला अनुसयाक्काचा,
माझ्या आधी हे चार माग बघायची ती.
जरा फाटका, मिश्रीचा,
वाक्य संपता संपता गोड होणारा.

घरी पोटमाळ्यावर प्रज्वल.
बेंगळूरची कंपनी, कानात बोंडं,
दिवसभर कुणाला तरी 'येस, येस' म्हणतोय,
रात्री त्याच खुर्चीत, त्याच पडद्यावर
माणसं मारतोय.
दाराच्या फटीतून काम कुठलं, खेळ कुठला
ओळखू येत नाही. पाठ तीच.
"तुझं बरं आई, पाळी सुटली की सुटली," म्हणतो.
त्याच्या कामाला भोंगा नाही
याचं मला वाईट वाटतं.
माझ्या कानात माग
घरी आल्यावर दोन तास चालू असतो,
हे त्याला सांगितलेलं नाही.

मंगळवारी लाईट गेली.
चोवीस माग एकदम थांबले,
धोटे जिथल्या तिथं.
पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू आली.
आणि खांबावरून कुणीतरी
बारीक, बशीला चमचा लागावा तसं बोललं,
"मला माफ करा, आई."

आवाजाचं बटण कधी दाबलं गेलं होतं, देव जाणे.
ही ती?
तीन वर्षं जिला मी भांडायला लावलं
ती माफी मागत होती.
कुणाची, कशाबद्दल, मला ठाऊक नाही.
"एन आतु?" सरोजानं विचारलं.
तिचाही आवाज असा आहे हे मी विसरलो होतो.
वाढवायचं आणि कमी करायचं बटण
एकाच पट्टीवर असतंय.
अंगठा मधोमध ठेवून तशीच उभारलो.

वीस मिनिटांनी लाईट आली.
हँडल ओढलं. खांबावर तिचे ओठ हलत होते,
अनुसयाक्का घशाशी आली,
पण शब्द सुचेनात.
दोन धागे तुटले. जोडले.

रात्री प्रज्वलला विचारलं,
मीटिंग चालू असताना तुमची लाईट जाते काय रे कधी?
मान वर न करता म्हणाला,
"इन्व्हर्टर आहे की."